वढवाणा, पावागढ, विश्वामित्री: ७०-३०० नंतर कुठली लेन्स घ्यावी?

रविवारची_भटकंती

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, माहेर दांडिया बाजारात, आता मांजलपूरला राहते आणि नोकरी मकरपुऱ्याला, त्यामुळे फोटो काढायला मिळतो तो फक्त रविवार, आणि तोसुद्धा सकाळचा, कारण अकरानंतर घर आणि मुलाचा अभ्यास. कॅमेरा निकॉन डी ५६००. चार वर्षं झाली घेऊन. त्याच्यासोबत निकॉनच्याच दोन लेन्स आल्या होत्या, १८-५५ आणि ७०-३०० मिलीमीटरच्या (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). आत्तापर्यंत त्याच्यावरच भागवलंय आणि खरं सांगायचं तर मजेत भागवलंय.

पण गेल्या हिवाळ्यात चार वेळा वढवाण्याच्या तलावावर गेले आणि चारही वेळा घरी येऊन जीव हळहळला. पट्टकादंब हंसांचा केवढा मोठा थवा होता! बांधावर उभी राहून अडीचशे-तीनशे फोटो काढले, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते, आणि कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर हंस म्हणजे राखाडी ठिपके. डोक्यामागचे ते दोन काळे पट्टे, ज्यावरून हा पक्षी ओळखायचा, तेच नीट दिसेनात. हिमालय ओलांडून आपल्या डभोई तालुक्यात येणारा पक्षी, आणि माझ्याकडे त्याचा एक धड फोटो नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता दिवाळीचा बोनस आणि भिशी मिळून सत्तर हजार जमलेत, फार ताणलं तर ऐंशी. डोक्यात सध्या एवढं घोळतंय: सिग्माची किंवा टॅमरॉनची १५०-६००, निकॉनची २००-५००, नाहीतर टॅमरॉनची १८-४०० म्हणजे लेन्स बदलायची कटकटच नको. वर ऑफिसातला एकजण म्हणतो पावसाळ्यात पावागढला जातेस तर आधी वाइड अँगल घे, आणि आमचे हे म्हणतात लेन्स कसली घेतेस, कॅमेराच बदल. मला पक्षी आवडतात, डोंगर आवडतात, फुलं-फुलपाखरं पण आवडतात, आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीतल्या मगरी बघायला तर मी शाळेत असल्यापासून थांबते. या सगळ्याला मिळून एकच लेन्स असते का? नसेल तर आधी कुठली? आणि माझं वजन सत्तेचाळीस किलो आहे, दोन-अडीच किलोची लेन्स मला हातात धरवेल का हेही कुणी बाईमाणसाने सांगितलं तर बरं.

सकाळी_सयाजीबाग

ताई, सरळ १५०-६०० घ्या, फार विचार करू नका. मी सिग्माची वापरतोय तीन वर्षं, कंटेम्पररी मॉडेल. १.९ किलोच्या आसपास वजन आहे, सवय होते. पक्ष्यांना कितीही झूम असला तरी कमीच पडतो हे लक्षात ठेवा, ४०० घेतली की सहा महिन्यांत ६०० हवीशी वाटणार म्हणजे दोनदा खर्च. एकच काळजी घ्यायची, चालताना लेन्स खाली तोंड करून लटकवली की झूमचा नळकांडा आपोआप बाहेर सरकतो, त्याला लॉक दिलंय ते लावायचं. समोर ९५ मिमीचा फिल्टर लागतो, स्वस्तातला यूव्ही फिल्टर मात्र अजिबात लावू नका, मी लावला होता आणि दोन महिने लेन्सलाच नावं ठेवत होतो, फिल्टर काढला आणि पिसं न् पिसं दिसायला लागली.

पाणथळ

ताई, लेन्सचं बोलूच, पण त्याच्याआधी एक काम करा. गेल्या हिवाळ्यापासूनचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि कुठला फोटो किती मिलीमीटरवर काढलाय ते बघा, प्रत्येक फोटोच्या माहितीत ते लिहिलेलं असतं. किती ३०० वर, किती १८ वर, मधले किती. नुसतं मोजून कागदावर लिहा. आपल्याला काय आवडतं हे आपण एक सांगतो आणि हात काय करतो ते वेगळंच असतं, मी माझे मोजले तेव्हा मलाही धक्का बसला होता.

दुसरं म्हणजे साधं त्रैराशिक. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो ती आतली पट्टी, २३.५ मिमी रुंद आहे. पक्षी किती मीटरवर आहे त्याला २३.५ ने गुणायचं आणि लेन्सच्या मिलीमीटरने भागायचं, जे येईल तेवढे मीटर रुंदी फ्रेममध्ये मावते. हंस १०० मीटरवर असेल आणि लेन्स ३०० असेल तर ७.८ मीटर. पट्टकादंब चोचीपासून शेपटीपर्यंत पाऊण मीटर धरला तर फ्रेमचा दहावा हिस्साही भरत नाही. तुमचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, त्यातले पावणेसहाशेच हंसाच्या वाट्याला येतात, आणि डोक्यामागच्या पट्ट्यांच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ५०० ची लेन्स लावली तर हंसाला साडेनऊशे, ६०० लावली तर साधारण साडेअकराशे.

आणि आता हे बघा, हंस १०० ऐवजी ५० मीटरवर आला तर तुमच्याच ३०० वर तेवढेच साडेअकराशे पिक्सेल मिळतात. म्हणजे अंतर निम्मं झालं की लेन्स दुप्पट झाली, आणि वर मधली हवा निम्मी झाली. ही हवा फार महत्त्वाची आहे हो. साडेनऊ-दहानंतर ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा येतो. त्यावर कुठल्याच लेन्सचा इलाज चालत नाही, दोन लाखाची असली तरी. मंडळी दुपारी फोटो काढतात आणि लेन्स सर्व्हिसला टाकतात.

मी वढवाण्याला गेली अकरा वर्षं जातोय. सयाजीराव महाराजांच्या राज्यात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी हा तलाव झाला आणि २०२१ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, तेव्हापासून गर्दी वाढलीये. लोक येतात, बांधावरून बोलत बोलत चालतात, चालणाऱ्या माणसाला बघून पक्षी आत सरकतात आणि लोक म्हणतात लेन्स कमी पडली. तुम्ही एकदा असं करा. उजाडायच्या आत पोचायचं, सूर्य पाठीशी येईल अशी जागा बघून खाली बसायचं, अंगावर मातकट शाल घ्यायची आणि हलायचं नाही. पहिला अर्धा तास काहीच होत नाही, नुसती थंडी वाजते. मग आधी वारकरी येतात, हे काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले, त्यांना कुणाचीच भीती नसते, आणि ते चरायला लागले की बाकीच्यांना धीर येतो. त्यांच्यामागून हळदी-कुंकू बदकं, मग चक्रवाक. एकदा मी असाच बसलो होतो तेव्हा दोन पट्टकादंब चालत चालत काठाच्या गवतात आले, गवत उपटताना होणारा कचकच आवाज मला ऐकू येत होता एवढे जवळ. ३० मीटर असतील. तेव्हा माझ्याकडे तुमच्यासारखीच ७०-३०० होती आणि तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. उठून जवळ जायचं नाही, घरट्याच्या जवळ तर कधीच नाही. त्यांना यायचं असतं तेव्हा ते येतात, आणि नाही आले तर त्या दिवशी फोटो नाही.

आता लेन्स. १८-४०० प्रवासाला चांगली, लग्नकार्याला चांगली, पण तुमच्याकडे ३०० आधीच आहे आणि वरच्या शंभर मिलीमीटरसाठी एवढे पैसे घालणं मला पटत नाही, शिवाय एवढ्या लांब पल्ल्याच्या झूमला शेवटच्या टोकाला तडजोड करावीच लागते. राहिल्या १५०-६०० आणि २००-५००. सयाजीबागवाले भाऊ म्हणतात ते चूक नाही, पण डी ५६०० चा विचार केला तर मी २००-५०० कडे झुकेन. कारण ती शेवटपर्यंत एफ ५.६ राहते (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, अॅपर्चरचा आकडा, तो लहान तेवढा उजेड जास्त). बाकीच्या ६०० वर एफ ६.३ होतात. उजेडातला फरक थोडासाच आहे, पण तुमच्या बॉडीचा, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस एफ ५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी बनवलेला आहे, ६.३ वाल्या चालतात, फक्त धुक्यात आणि भल्या सकाळी फोकस पुढेमागे शोधत बसतो, आणि वढवाण्याला आपण नेमके धुक्यात आणि भल्या सकाळीच असतो. दुसरं, दुसऱ्या कंपनीची लेन्स थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर मोठ्या बॉडीत ते मेनूतून दुरुस्त करता येतं, डी ५६०० मध्ये ती सोय नाही. तोटा वजनाचा. ट्रायपॉडवर बसवायची कॉलर धरून २.३ किलो. तुमची ७०-३०० चारशे ग्रॅमच्या आसपास आहे, तेव्हा विचार करा.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून पल्ला वाढवायचा तुकडा) कुणी सुचवला तर घेऊ नका. १.४ वाला लावला की ५.६ ची एफ ८ होते आणि तुमच्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडरमधला फोकस तिथे भरवशाचा राहत नाही.

वाइड अँगल आत्ता नको. पावागढला १८ मिमी पुष्कळ झाले. त्याऐवजी १८-५५ साठी ५५ मिमीचा चांगला सर्क्युलर पोलरायझर फिल्टर घ्या. पावसाळ्यात पानं ओली असतात, त्यांच्यावर आभाळाची पांढरी चमक येते आणि हिरवा रंग धुवून गेल्यासारखा दिसतो, पोलरायझर फिरवला की ती चमक जाते आणि खालचा हिरवा वर येतो. हे नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ ८, टायमर लावून. पायथ्याच्या चांपानेरच्या जुन्या भिंतींवर शेवाळ धरलेलं असतं तेव्हा तर जाच.

मगरींना तुमची ७०-३०० पुरते. पुलावरून खाली काठावर ऊन खात पडलेली मगर काही लहान नसते. थंडीत ऊन जरा वर आलं की त्या बाहेर येतात. काठावर उतरायचं मात्र नाही, कितीही चांगला अँगल दिसला तरी नाही.

रविवारची_भटकंती

पाणथळ दादा, एवढं बसून लिहिलंत, खूप आभार. काल रात्री मोजले. ११४० फोटो. त्यातले ८१२ बरोब्बर ३०० वर! १८ ते २४ च्या मध्ये १९०. बाकीचे १३८ मध्ये कुठेतरी विखुरलेले. मला वाटायचं मी डोंगर-झाडांचे फोटो जास्त काढते. आणि अजून एक दिसलं, हंसांचे बरेचसे फोटो १/३२० किंवा १/४०० सेकंदाला निघालेत. मी व्हीआर चालू आहे म्हणून निर्धास्त होते. ते चुकतंय का?

पाणथळ

हो, तिथेच चुकतंय. व्हीआर तुमच्या हाताचं हलणं सावरतो, पक्ष्याचं हलणं नाही. हंस पाण्यावर नुसता तरंगतोय असं वाटतं पण मान सारखी हलत असते. बसलेल्या पक्ष्याला निदान १/८००, उडणाऱ्याला १/१६०० ते १/२०००. मॅन्युअल मोडवर शटरचा वेग आणि अॅपर्चर तुम्ही ठरवा आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा ते) ऑटोवर सोडा. सूर्य नुकताच वर आलेला असताना एफ ६.३ आणि १/१६०० ला आयएसओ ३२०० च्या घरात जाईल, जाऊ दे. दाणेदार पण रेखीव फोटो सुधारता येतो, हललेला नाही येत. ८१२ मधले किती हललेले आणि किती खरंच लांबचे तेही बघा एकदा.

निवृत्त_पण_भटका

मी ६८ वर्षांचा, निझामपुऱ्यात राहतो. ताईंनी वजनाचं विचारलंय आणि त्यावर कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितोय.

माझ्याकडे हीच २००-५०० चार वर्षं होती. काच उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण उजवा खांदा आखडला आणि मग काय व्हायचं, रविवारी सकाळी उठायचं, पिशवी उचलायची, आणि मनात यायचं की आज राहू दे. एका हिवाळ्यात मी तीनदाच बाहेर पडलो, ते लक्षात आल्यावर मला खूप लागलं, कारण हिवाळे काही आता मोजूनच राहिलेत. मग ती विकली आणि कॅननचा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, आर १०, आणि त्यावर आरएफ १००-४०० घेतली. लेन्स ६३५ ग्रॅम, कॅमेरा सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून किलोभर. ४०० वर ती एफ ८ होते, अंधूक उजेडात आयएसओ चढतो, हे खरं आहे. पण मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो त्यामुळे एफ ८ ला अडत नाही आणि पक्ष्याचा डोळा तो स्वतः पकडतो. गेल्या हिवाळ्यात सतरा वेळा गेलो. टिंबीच्या तलावावर सारसांची जोडी बघितली, दोघं एकमेकांसमोर उभं राहून ओरडतात तेव्हा मादी नराच्या एका हाकेला दोन हाका देते, ते ऐकत उभा राहिलो आणि हात दुखत नव्हता म्हणून शेवटपर्यंत कॅमेरा डोळ्याला होता.

ताईंनी सगळं विकून कॅनन घ्यावा असं मी म्हणत नाही, बजेटमध्ये बसणारही नाही. पण घ्यायच्या आधी दोन दिवस भाड्याने घ्या. आपल्याकडे लग्नाचं काम करणारे बरेच फोटोग्राफर मोठ्या लेन्स भाड्याने देतात, ओळख आणि डिपॉझिट लागतं. दुकानात दोन मिनिटं हातात धरून काही कळत नाही, तिसऱ्या तासाला कळतं.

आणि घेतलीच तर हातावर धरू नका. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही बाजूंनी शिवायचा, आत दीड-दोन किलो चणे भरायचे, की झाली बीनबॅग. बांधाच्या दगडावर किंवा गाडीच्या खिडकीच्या काचेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची, ट्रायपॉडपेक्षा लवकर वळते. पूर्ण गच्च भरू नका, थोडी सैल ठेवा म्हणजे लेन्सचा आकार घेते. पावसात भिजवू नका, चणे आंबतात.

पानाफुलांत

मी बाई आहे, ५२ किलो, आणि १५०-६०० दोन वर्षं वापरलीये म्हणून वजनाबद्दल काकांना पूर्ण अनुमोदन. धरवते, पण दहा मिनिटं. डावा तळवा लेन्सखाली आणि कोपर बरगडीला टेकवायचं, नुसत्या मनगटावर तोलायची नाही. मोनोपॉडने, म्हणजे एका पायाच्या स्टँडने, खूप फरक पडतो.

पण मला दुसरंच सांगायचंय. ताई, तुम्ही फुलपाखरांचं एका ओळीत लिहून सोडून दिलंत आणि सगळे हंसांच्या मागे गेले! मोठी टेली, म्हणजे लांबची लेन्स घेतली की फुलपाखरं सुटतात हे लक्षात घ्या, कारण २००-५०० ला निदान २.२ मीटर अंतर लागतं आणि सिग्माच्या त्या ६०० ला २.८. जांबुघोड्याच्या जंगलात पाऊस संपता संपता, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वाटेच्या कडेला ओल्या मातीवर फुलपाखरं घोळक्याने बसलेली असतात, सोंडेने ओलावा ओढत, आणि त्या वेळी ती इतकी गुंग असतात की तुम्ही पोटावर झोपून हळूहळू सरकत गेलात तरी उठत नाहीत.

त्यासाठी वेगळी मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स आत्ता नका घेऊ. तुमच्या ७०-३०० ला समोर ५८ मिमीचा आटा आहे, त्यावर बसणारी दोन काचा चिकटवलेली क्लोज-अप लेन्स मिळते, प्लस टू पॉवरची. एका काचेची स्वस्तवाली नको, तिच्याने कडांना जांभळट रंग येतो. ही लावली की ३०० मिमीवर अर्ध्या मीटरच्या अंतरावरून साधारण चार सेंटीमीटरचं दृश्य अख्खी फ्रेम भरतं. अर्धा मीटर म्हणजे फुलपाखरू बिचकत नाही असं अंतर. उलट निकॉनची ४० मिमीची मॅक्रो स्वस्त म्हणून लोक घेतात आणि पूर्ण आकाराला ती किड्याच्या इतकी जवळ न्यावी लागते की लेन्सची सावलीच त्याच्यावर पडते. मी हे करून बसलेय. शेवटी तिचा उपयोग फुलांना आणि घरी कढीपत्त्यावरच्या अळ्यांना करते, त्या बिचाऱ्या कुठे पळत नाहीत. आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालून जातं, अंड्यातून बाहेर आलेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार होते, हे सगळं मी खिडकीत उभी राहून काढलंय. रविवार नसला तरी होतं हे.

जुनं_ते_तपासून

ऐंशी हजारात २००-५०० बघताय म्हणजे बहुतेक सेकंडहँडच बघाल, तर माझा अनुभव वाचा. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून वापरलेली टेली घेतली, बाहेरून नव्यासारखी, बिल दिलं, डबा दिला. पावसाळ्यात फोटोंवर दुधाळ झाक यायला लागली. टॉर्च मारून बघितलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. दुकानदार म्हणाला तुमच्याकडे आली असेल. साफ करायला जे पैसे गेले त्यात थोडे घालून नवीच आली असती. फार मनस्ताप झाला.

तेव्हा घेताना अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलट. चार धुळीचे कण चालतात, धागे किंवा धुरकट पट्टा दिसला तर उठून या. तुमचीच बॉडी घेऊन जा. एकाच छापील कागदाचे व्ह्यूफाइंडरमधून पाच आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, पाच फोटो काढून ताडून बघा, लाइव्ह व्ह्यूचे सतत जास्त रेखीव येत असतील तर लेन्स आणि बॉडीचं जमत नाहीये. झूम रिंग फिरवताना कुठे खरखर लागते का बघा, अॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघा.

घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, कपाटात तर नाहीच. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, आकडा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरता येतं.

रविवारची_भटकंती

तीन आठवड्यांनी परत लिहितेय, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत तर काय झालं ते सांगायलाच हवं.

२००-५०० शनिवार-रविवार भाड्याने घेतली. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर कावळ्यांवर हात बसवला आणि रविवारी पहाटे साडेचारला निघालो, हे पण आले सोबत. डभोईच्या पुढे एवढं धुकं होतं की गाडी तीसवर चालवत होते. पाणथळ दादांनी सांगितलं तसं बसलो, शाल घेऊन, काकांची बीनबॅग आईने शिवून दिली होती, चण्याऐवजी मूग भरले कारण घरात तेच होते. पहिला तास मला रडू यायचं बाकी होतं. धुक्यात काहीच दिसेना, मोठी लेन्स असूनही सगळं पांढरं. आठच्या सुमाराला धुकं एकदम वर उचललं गेलं आणि समोर वारकरीच वारकरी, आणि त्यांच्या मागे, खरंच, पाच पट्टकादंब. ते हळूहळू आत यायला लागले. मी हललेच नाही, पाय बधिर झाला तरी नाही. शेवटी चाळीस मीटरवर असतील. एकाने मान पाण्यात घालून वर काढली आणि चोचीच्या टोकाला थेंब लटकलेला, तो थेंब फोटोत आहे, आणि डोक्यामागचे दोन्ही पट्टे, वरचा रुंद आणि खालचा जरा अरुंद, दोन्ही आहेत. १/१२५०, एफ ५.६, आयएसओ १८००. मी घरी येऊन आईला दाखवला तेव्हा ती नुसती बघत राहिली.

मग मी मुद्दाम माझी ७०-३०० लावून त्याच जागेवरून, तेच पक्षी, वेग वाढवून काढले. पट्टे त्यातही दिसतात! लहान आहेत पण स्वच्छ. म्हणजे गेल्या वर्षीचा निम्मा दोष माझ्या १/३२० चा आणि बांधावरून चालत राहण्याचा होता. हे कळलं नसतं तर लेन्स घेऊनही मी तशीच चालत राहिले असते.

वजनाचं सांगते. बीनबॅगवर काहीच त्रास नाही. उडणाऱ्या पक्ष्यांमागे हातावर धरून फिरवली तेव्हा पाच-सात मिनिटांत दंड थरथरायला लागला आणि सोमवारी ऑफिसात उजवा हात वर जाईना. पण मी मुळात बसूनच फोटो काढणार आहे, मला ते बसणं आवडलं.

तर ठरलं असं. २००-५०० च घेतेय, वापरलेली, कारेलीबागेतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडची, त्यांनी ती फारशी वापरलीच नाहीये. टॉर्च मारून बघितली, दोन धुळीचे कण, बाकी स्वच्छ. लाइव्ह व्ह्यूची परीक्षा पण घेतली, जुळतेय. बजेटमध्ये बसून वर जे उरले त्यात पोलरायझर आणि ती ५८ मिमीची क्लोज-अप, दोन काचांची. १८-४०० आणि वाइड अँगल डोक्यातून काढून टाकलंय, आणि कॅमेरा बदल म्हणायचं ह्यांनी आता स्वतःच बंद केलंय, त्या थेंबाच्या फोटोनंतर.

काका, मुगाची बीनबॅग थोडी गच्च झाली, तुम्ही म्हणालात तशी सैल करायला हवी. उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी परत जातेय, पतंग सुरू झाले की पक्ष्यांचं अवघड होतं म्हणून त्याच्या आधीच. कुणी येणार असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.

निवृत्त_पण_भटका

एक जागा माझी. निझामपुऱ्याहून उलटं पडेल तुम्हाला, मी फतेगंजच्या पुलाखाली साडेचारला उभा राहीन. मूग थोडे काढून टाका, मुठीत दाबली तर बोटं रुतली पाहिजेत.